काका, हा घरी नेऊ?

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, मी एका मुलाचा मासा नदीत फेकून दिला. बहुधा त्याचा पहिलाच मासा. आठ-नऊ वर्षांचं पोर. हातात सोललेल्या फांदीची काठी, तिला बांधलेला जाडजूड तंगूस आणि तरंगणाऱ्या बुचाऐवजी जुन्या चपलेच्या तळव्याचा कापलेला तुकडा. माझ्यापासून वीसेक पावलांवर, पाण्यावर वाकलेल्या झाडाच्या मुळांवर तो उजाडायच्या आधीपासून बसला होता. दोनदा गळावरचं गांडूळ खाऊन मासा पसार झाला आणि दोन्ही वेळा त्याने मी पाहिलं का हे चोरून बघितलं. तिसऱ्यांदा मात्र त्याने काठी इतक्या जोरात वर ओढली, की मासा त्याच्या डोक्यावरून मागे गवतात जाऊन पडला. वीतभर चिलापी. तिच्या पाठीवरचे काटे हाताला लागत असणार, तरी त्याने ती दोन्ही मुठींत आवळली आणि धावत माझ्याकडे आला. धापा टाकत म्हणाला, "काका, हा घरी नेऊ?"

परवानगी मागायला तो आला नव्हता. आपण मासा धरला, हे कुणीतरी मोठ्या माणसाने बघायला हवं होतं, एवढंच. मी मासा हातात घेतला आणि सवयीने कल्ला उचलून पाहिला. लालभडक असायला हवा तो तपकिरी दिसत होता, कडांना करडा साका, बोटाला चिकटणारा. नाकाशी नेला. ओल्या मातीचा वास होताच, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. रॉकेलसारखा, जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशाच्या मागे जाऊन बसणारा. मी एक शब्दही न बोलता मासा पाण्यात टाकला. 'सोडला' असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे फेकला. पोराने पाण्यावर उठलेल्या वर्तुळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रडला नाही, भांडला नाही. काठीला दोरा गुंडाळत चढाव चढून निघून गेला. त्याने विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नव्हतं, हे मला तो दिसेनासा झाल्यावर कळलं.

आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

मासा हुंगायला मला आजोबांनी शिकवलं. गळ बांधायला, गांडूळ ओवायला, बुडाचा अंदाज घेत बुच वर-खाली सरकवायला शिकवलं, पण या सगळ्याच्या आधी हुंगायला. मासा धरला की तो आधी नाकाशी न्यायचा. डोहातल्या माशाला चिखलाचा वास, खळाळातल्या माशाला जवळजवळ वासच नाही, फार तर काकडी चिरल्यासारखा हिरवा, थंड. मातकट वासाच्या माशाला ते वाईट म्हणत नसत. तो दोन-चार दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायचा, वास जातो, असं सांगत. पुढे कधीतरी वाचलं, की हा वास पाण्यातल्या काही जिवाणूंनी आणि निळ्या-हिरव्या शेवाळांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठणारा वासही त्याचाच. ते द्रव्य कल्ल्यांतून माशाच्या अंगात जातं आणि स्वच्छ पाण्यात ठेवलं की हळूहळू त्याच वाटेने बाहेर पडतं. आजोबांना जिओस्मिन ठाऊक नव्हतं, दिवस मात्र बरोबर ठाऊक होते.

बुच न लावता नुसता दोरा तर्जनीवर घेऊन बसायची त्यांची पद्धत होती. डोळे मिटून. बोटावर काय येतं यावरून खाली कोण आहे ते सांगायचे. चिलापी टुकटुक करते, चोचीने दाणे टिपावेत तशी. मरळ क्षणभर काहीच करत नाही आणि मग एकदम हिसडून नेते. वाम सगळ्यांत फसवी. दोरा नुसता जड होत जातो, तळाचं गवत अडकलंय असं वाटून तुम्ही सैल सोडता आणि तेवढ्यात ती दगडाखाली शिरलेली असते. माझ्या बोटाला हे सगळं यायला दोन-तीन वर्षं लागली. न दिसणाऱ्या जिवाचा हलका धक्का दोऱ्यातून चढत बोटाच्या टोकाशी येतो, त्या क्षणाला मी अजून सरावलेलो नाही. आजही छातीत काहीतरी उडतं. नदी मी पाहिली त्यापेक्षा या एका बोटाने जास्त वाचली आहे, आणि म्हणूनच ती बिघडत गेली तेही आधी बोटालाच कळलं. मरळीचा हिसडा तेवढा टिकून राहिला. वामीचं ते जड होणं कमी कमी होत गेलं. खळाळात थरथरत येणारे ते छोटे चंदेरी मासे, ज्यांची नावंही मला नीट ठाऊक नव्हती, ते बोटावर यायचे कधी थांबले तेही सांगता येत नाही. बाकी उरली ती टुकटुक. सकाळभर, कुठेही गळ टाका, टुकटुक.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या वर्षांत मी आधीपेक्षा जास्त मासे धरत होतो. पिशवी भरायची, आनंद व्हायचा. संख्या वाढली की नदी बरी आहे असंच वाटतं. पण चिलापी अशा पाण्यातही तग धरते, जिथे दुसऱ्याचा जीव जाईल. मरळ तर वर येऊन सरळ हवाच घेते, तिला पाण्यातल्या प्राणवायूवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. म्हणजे नदीत उरले होते ते कसंही करून श्वास घेऊ शकणारे मासे. बाकीचे एकेक करून गेले, आणि मी पिशवीचं वजन बघत राहिलो.

माशाला मिळणारा श्वास किती तोकडा असतो, हे मी फार उशिरा समजून घेतलं. आपल्या हवेत पाचातला एक भाग प्राणवायू. पाण्यात, अगदी स्वच्छ पाण्यात, २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो. पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसात. एवढ्यावर त्यांचा संसार. म्हणून तर कल्ल्यांची ती बारीक झालर, आणि तिच्यात रक्त वाहतं ते पाण्याच्या उलट दिशेने, म्हणजे पाणी बाहेर पडेपर्यंत त्यातला उरलासुरला प्राणवायूही टिपता यावा. हा आकडा ५ च्या खाली गेला की बरेच मासे अस्वस्थ होतात, २ च्या खाली फार थोडे वाचतात. आणि त्या ९ मिलिग्रॅमवर आपण काय सोडतो, तर मैला. मैल्यातलं विष माशाला मारतं असं मला लहानपणी वाटायचं. बऱ्याचदा तसं नसतं. मैला खायला जिवाणू तुटून पडतात, आणि खाताना तेही श्वास घेतात, त्याच ९ मिलिग्रॅममधून. ही भूक मोजायची रीत साधी आहे. बाटली नदीच्या पाण्याने काठोकाठ भरायची, २० अंशांवर अंधारात ५ दिवस ठेवायची आणि त्यातला किती प्राणवायू संपला ते बघायचं. निर्मळ नदीचं पाणी लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम खातं. घराघरांतून निघालेलं, काहीही प्रक्रिया न केलेलं सांडपाणी दोनशेच्या पुढे. ती बाटली मला नेहमी अंधाऱ्या खोलीत कोंडलेल्या नदीसारखी वाटते.

त्यात पुन्हा पहाट.

सगळे गळवाले पहाटे जातात, कारण माशाला पहाटे भूक लागते, असं आम्हाला शिकवलेलं. वाफ पाण्यावर रांगत असते, काठावरचं गवत पोटऱ्यांना ओलं लागतं, पलीकडच्या काठावर खंड्या चमकून जातो. मीही हीच वेळ सर्वांत जिवंत समजत होतो. पण पाण्यात सांडपाण्याचं आणि खतांचं पोषण जाऊन शेवाळ माजलं, की हे गणित उलटं होतं. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेही इतरांसारखं प्राणवायू वापरत राहतं, आणि पाण्यातला साठा सर्वांत खाली जातो तो नेमका उजाडायच्या आधी. म्हणजे मी काठावर पिशवी टेकवून, हात चोळत, उत्साहाने गळाला गांडूळ लावत असतो, तेव्हा माझ्या समोर, त्या वाफेखाली, श्वास अडकलेला असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे सबंध डोहाच्या पृष्ठभागावर माशांची तोंडंच तोंडं दिसली. शेकडो. पावसाचे टपोरे थेंब पडावेत तशी गोल गोल हालचाल आणि एक बारीक चपचप आवाज. एवढे मासे मी जन्मात पाहिले नव्हते. घाईघाईने तीन गळ टाकले. एकाही माशाने आमिषाला तोंड लावलं नाही, त्यांच्या नाकासमोर गांडूळ वळवळत असताना. मी आमिष बदललं, खोली बदलली, जागा बदलली. ऊन वर आलं तेव्हा पहिला मासा कुशीवर वळला. मग दुसरा. मग पांढऱ्या पोटांची रांग प्रवाहाबरोबर माझ्या बुचाला घासून जायला लागली. ते खायला वर आले नव्हते. पाण्याचा सर्वांत वरचा, हवेला चिकटलेला पातळ थर, ज्यात थोडा तरी प्राणवायू असतो, तो ओढायला आले होते. आणि मी दीड तास त्यांच्यात गळ टाकत बसलो होतो.

ती चपचप मला अजून कधी कधी झोपेत ऐकू येते.

त्या मुलाच्या माशाचा तपकिरी कल्ला पाहिला तेव्हा हे सगळं एकदम वर आलं असणार. पाण्यात नायट्राइट नावाचं द्रव्य वाढलं, की माशाचं रक्त चॉकलेटी होतं. रक्त असतं, पण प्राणवायू उचलून नेण्याची त्याची ताकद गेलेली असते. त्या माशाला तेच झालं होतं का, की नुसता गाळ बसला होता, हे काठावर उभं राहून सांगता येत नाही. मी मात्र नाकाच्या भरवशावर क्षणात निवाडा केला. आता वाटतं, त्या नाकावर एवढा विश्वास कशासाठी? वास येणारा मासा निदान सांगतो तरी. जपानमध्ये मिनामाता इथे समुद्रातल्या माशांमधून माणसांना पाऱ्याचं विष भिनलं, ही १९५६ सालची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९६५ साली, त्याच देशात नीगाताजवळ अगानो नावाच्या नदीकाठी तोच रोग पुन्हा दिसला. या वेळी नदीचे मासे खाणाऱ्यांमध्ये. वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेला पारा. मिथिल पाऱ्याला, म्हणजे माशात साठणाऱ्या पाऱ्याच्या रूपाला, रंग नाही, वास नाही. लहान जिवापासून मोठ्या जिवाकडे जाताना तो वाढत जातो आणि सर्वांत मोठ्या, सर्वांत धष्टपुष्ट माशात सर्वांत जास्त साठतो. म्हणजे ज्या माशाबरोबर आपण फोटो काढू, त्यात. तो मांसाशीच घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे धुऊन जात नाही, शिजवून जात नाही, दोन-चार दिवस स्वच्छ पाण्यात ठेवूनही जात नाही. अगानोच्या काठावरही कुणीतरी नातवाला मासा हुंगायला शिकवलं असेल. त्या आजोबांना माशात काही वावगं आढळलं नसणार.

हे लिहिताना माझी पिशवी शेजारीच आहे. तिच्या कप्प्यात गळ बुडवायला लावतात ते शिशाचे मणी आहेत. लहानपणी आम्ही ते दातांनी चावून दोऱ्यावर बसवायचो, जिभेवर गोडसर, थंड चव राहायची. किती मणी खडकात अडकून तुटले, किती डोहाच्या तळाशी गेले, याचा हिशेब नाही. ब्रिटनमध्ये असेच मणी खडे समजून गिळल्याने राजहंस मरत होते, म्हणून १९८७ साली गळासाठीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर तिथे बंदी आली. मी हे वाचल्यावरही दोन हंगाम तेच मणी वापरले, दुसरे शोधायचा कंटाळा म्हणून. कारखान्याच्या नळाकडे बोट दाखवताना हे माझ्या मनात असतं. नळातून येणारं आणि माझ्या पिशवीतून गेलेलं सारखं नाही, मुळीच सारखं नाही, आणि तसं म्हणणं म्हणजे नळवाल्यांना सूट देणं होईल. पण तळाशी दोन्ही आहेत.

आणि नद्या परत येतात, हेही मला ठाऊक आहे. नुसतं समाधान म्हणून हे सांगत नाही. लंडनच्या टेम्सला १९५७ साली तिथल्या संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी जैविकदृष्ट्या मृत म्हटलं होतं. १९७४ साली एका वीजकेंद्राने नदीचं पाणी आत घेताना लावलेल्या जाळीत एक सॅमन सापडला, १८३३ नंतरचा पहिला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराची कायाहोगा नदी २२ जून १९६९ ला पेटली. पाण्यावरच्या तेलाने आणि कचऱ्याने पेट घेतला होता, आणि तीही पहिली वेळ नव्हती. तीन वर्षांनी तिथे जलप्रदूषणाचा कायदा झाला, त्यात १९८३ पर्यंत जमेल तिथे पाणी मासे जगतील-वाढतील आणि माणसं पोहू शकतील असं करायचं उद्दिष्ट लिहिलं होतं. मला या कायद्यातली ही गोष्ट फार आवडते. नदीची परीक्षा माशावरून आणि पोहणाऱ्या माणसावरून घ्यायची. कायाहोगाच्या बाबतीत ते साल कधीच उलटून गेलं. तिच्यातले मासे आता खाण्याजोगे आहेत, असं तिथल्या पर्यावरण खात्यांनी जाहीर केलं ते २०१९ साली. आग लागली त्या वर्षी एखाद्या पोराने काठावर येऊन 'हा घरी नेऊ?' विचारलं असेल, तर त्याला होकार मिळायला पन्नास वर्षं गेली. तोवर त्याचं स्वतःचं नातवंड गळ धरायच्या वयाचं झालं असेल.

आजोबाही मासे सोडून द्यायचे. हाताच्या पंज्याहून लहान असला की सोडायचा. पोट अंड्यांनी फुगलेलं दिसलं की सोडायचा. पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं, मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढायला लागले, की ते काठीच आढ्याला टांगून ठेवायचे, कुणी कितीही मासे धरून आणोत. सोडताना ते मासा फेकत नसत. पाण्यात हात मनगटापर्यंत बुडवून, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, कल्ले हलायला लागेपर्यंत धरून ठेवत. मग मासा आपणहून निघून जाई, शेपटीचा हलका फटका तळव्याला देऊन. तो फटका म्हणजे पुन्हा भेटू असा निरोप, असं मी समजायचो. सोडणं म्हणजे पुढच्या वर्षासाठी ठेवणं. आता मी जवळजवळ प्रत्येक मासा सोडतो. बघणाऱ्याला ते दयाळूपणाचं वाटतं, एक-दोघांनी तसं बोलूनही दाखवलं. पण पुढच्या वर्षासाठी ठेवणं आणि घरात नको म्हणून परत टाकणं, यात किती अंतर आहे ते माझ्या हाताला कळतं. मी हल्ली हात बुडवतही नाही. पाणी अंगाला लागू नये म्हणून.

काल पुन्हा रविवार होता. मी गळ घेतला नाही, नुसताच गेलो. मुलगा आला असेल असं वाटलं नव्हतं, पण तो होता, त्याच मुळांवर. मला पाहिल्याबरोबर त्याने शेजारचा पत्र्याचा डबा पाठीमागे सरकवला आणि त्यावर रुंद पान झाकलं. मी जरा अंतर ठेवूनच खाली बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. वाऱ्याची दिशा बदलली तसा तो वास आला आणि गेला. चपलेचा तुकडा पाण्यावर डुलत होता.

"त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणालो. "तुला विचारायला हवं होतं."

तो बुचाकडेच बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "आजारी होता का तो?"

"वास येत होता त्याला. दोन वास. एक मातीचा. एक दुसरा."

"दुसरा कसला?"

मी पाण्याकडे बोट केलं, मग वरच्या वळणाकडे, जिथे काठावरचं गवत काळं पडलंय. त्याने मान हलवली, त्याला ते वळण ठाऊक असणार. मग त्याने काठी मुळांच्या बेचक्यात नीट अडकवली, डबा पुढे ओढला आणि पान उचललं. आत दोन चिलाप्या होत्या, बोटभर. पाणी इतकं स्वच्छ होतं, की डब्याच्या तळाचा गंज दिसत होता. नदीचं नव्हतं.

"घरून आणलंय," तो म्हणाला. "नळाचं. याच्यात ठेवले तर जातो का वास?"

"मातीचा जातो," मी म्हणालो. "दोन-चार दिवसांत."

त्याने डब्यावर वाकून खोल श्वास घेतला, आजोबा घ्यायचे तसा, डोळे मिटून.

"आणि दुसरा?"